शेवटच्या सीटखालची आठ अंडी

मित्रांनो, थोडा वेळ डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्हाला हात नाहीत. पायही नाहीत. बूड आहे, पण ते इतके गोल, की कुठे टेकता म्हणून येत नाही. कुणी टेबल पुसायला आले आणि फडक्याचा जरासा धक्का लागला, की तुम्ही निघालात. कुठे निघालात ते ठाऊक नाही, कुठे थांबाल तेही ठाऊक नाही. तोंडच नसल्यामुळे "अहो, धरा मला" असे म्हणायचीही सोय नाही. झाली कल्पना करून? आता डोळे उघडा. तुम्ही क्षणभर जे सोसले, ते मी जन्मभर सोसत आलो आहे.

मी एक जुने उकडलेले अंडे आहे.

जुने म्हणजे किती जुने, असे तुम्ही विचाराल. अकरा दिवसांचे. हसू नका. तुमच्यात अकरा दिवसांच्या बाळाला मानसुद्धा धरता येत नाही, पण आमच्यात अकरा दिवस म्हणजे पुष्कळ. त्यातून उकडलेल्या अंड्याला वेळ फार बेताचा मिळतो. थंड जागी ठेवले तर आठवडाभर. बाहेर, उकाड्यात ठेवले तर दोन तासही जड. म्हणून माझ्या बोलण्यात थोडी घाई दिसली, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कोंबड्यांच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथल्या पिंजऱ्यांचा तळ मुद्दाम उतरता ठेवलेला असतो. त्यामुळे मी जन्मलो आणि त्याच क्षणी घसरलो. आईला धड पाहिलेही नाही. घरंगळत पुढच्या पन्हळीत जाऊन पडलो, तिथून एका पाटीत, पाटीतून एका टेबलावर. टेबलाशी बसलेल्या बाईंनी मला दिव्यासमोर धरले, दोन बोटांत गोल फिरवले आणि त्या म्हणाल्या, "नितळ आहे." एवढेच माझे प्रगतिपुस्तक. मग त्यांनी मला कागदाच्या लगद्याच्या ट्रेमध्ये ठेवले. तीस खळगे, तीस अंडी. त्या खळग्यात मला दोन दिवस स्वस्थता मिळाली. तेवढीच.

आमचे दोन ट्रे एका कँटीनमध्ये पोचले. सहा बसगाड्यांचा एक छोटा डेपो होता. त्याच्या आवारात, गाड्या धुण्याच्या नळाला लागून, पत्र्याच्या छपराखाली हे कँटीन होते. चार बाकडी, एक शेगडी, एक घरघरणारा फ्रिज. ते चालवणारी बाई एकटीच होती. ड्रायव्हर, कंडक्टर, मिस्त्री, सगळे तिला वहिनी म्हणत. तिची मुलगी दहा वर्षांची होती. शाळेला सुट्टी लागली होती, त्यामुळे ती दिवसभर तिथेच. हे उचल, ते ठेव, फळीवर चढ, पोत्यामागे डोकाव, असे तिचे सतत चाललेले असे. एका जागी पाच मिनिटे बसली तर लोक तिला ताप आहे का ते पाहत. म्हणून सगळे तिला खारू म्हणत. मला ती पहिल्याच दिवशी आवडली. माझ्यासारखेच तिचेही बूड टेकत नव्हते.

खारूच्या आईच्या फ्रिजला कायदे होते. पहिला कायदा, जुने पुढे आणि नवे मागे. दुसरा कायदा पेन्सिलीचा. अंडे उकडले, की त्याच्या कवचावर पेन्सिलीने तारीख घालायची आणि तारखेभोवती गोल काढायचा. गोल असला म्हणजे अंडे उकडलेले, नसला म्हणजे कच्चे. तारीख पाहिली, की किती दिवस राहिले ते कळे. या पेन्सिलीवर त्या कँटीनचा सगळा भरवसा होता. आजवर तिथे कुणाचे पोट बिघडले नव्हते, आणि आईला त्याचा अभिमान होता. ती तो बोलून दाखवत नसे. फक्त नवा माणूस आला, की फ्रिजचे दार जरा जास्त वेळ उघडे ठेवी.

वर्षातून एक दिवस डेपोला पूर्ण सुट्टी असे. सहाही गाड्या थांबत आणि सगळी मंडळी, बायकामुलांसकट, त्यातल्याच एका बसने तळ्याकाठी सहलीला जात. त्या दिवशी पहाटे आम्हाला उकडायचे ठरले. साठच्या साठ आम्हाला थंड पाण्याच्या मोठ्या पातेल्यात सोडले आणि पाणी हळूहळू तापवले. मित्रांनो, उकडले जाणे म्हणजे काय ते मी सांगू शकणार नाही. आत जे डुचमळत असते, ते एकाएकी घट्ट होते. आपण आता कोंबडी होणार नाही, हे तेव्हा पक्के कळते. मग आपण काय होणार? कुणाचे तरी जेवण. मी ठरवले, की जेवण व्हायचे तर चांगले व्हायचे.

आम्हाला गार पाण्यातून काढून फडक्यावर मांडले, तेव्हा आईने खारूला हाक मारली.

"ही पेन्सिल आजपासून तुझ्याकडे. सगळ्यांवर तारीख घाल. घाई करू नकोस, आकडा वाचता आला पाहिजे."

चहासाठी आलेले मिस्त्री दारात उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, हिच्या हाती फ्रिजचा कारभार देताय? उद्या आम्हाला परवाचा भात मिळायचा."

"तुमच्या हाती दिला असता तर तुम्ही फ्रिजच खोलून बसला असता," आई म्हणाली. "आणि वर दोन स्क्रू उरले असते. तिच्यावर माझा विश्वास आहे."

खारूचे कान लाल झाले. तिने साठ अंड्यांवर साठ वेळा तारीख घातली, जीभ दातांत धरून. माझ्यावरचा गोल थोडा वाकडा झाला. तो तिने खोडून पुन्हा काढला. मला आयुष्यात इतक्या काळजीने कुणी हाताळले नव्हते.

सहलीत आम्ही बर्फाच्या पेटीत होतो. लागतील तेवढीच अंडी आई बाहेर काढी आणि झाकण लावून टाकी. आमची तारीफही झाली. एक कंडक्टर म्हणाले, "असं अंडं उकडायला हात लागतो." त्यांनी चार खाल्ली, त्यामुळे त्यांचे म्हणणे खरे असावे. दुपारी खारूने आईकडे आठ अंडी मागितली. तळ्याच्या पलीकडे झोपाळे होते, तिथे खेळणाऱ्या मुलांना ती द्यायची होती. आईने आठ अंडी काढून एका कापडी पिशवीत घातली. त्या आठांत मी होतो.

आम्ही झोपाळ्यांपर्यंत पोचलोच नाही. वाटेत बस उभी होती आणि बसमागे लपाछपीचा डाव मांडला होता. "खारू, ये की, एक गडी कमी आहे." खारूने पिशवी बसच्या शेवटच्या सीटखाली सरकवली आणि ती पळाली. एक डाव झाला, दुसरा झाला, मग पकडापकडी, मग पाण्यात दगडांच्या भाकऱ्या. आम्ही सीटखाली वाट पाहत राहिलो. संध्याकाळी सगळे बसमध्ये चढले, गाणी म्हणू लागले, आणि आमच्या डोक्यावरच्या सीटवर कुणीतरी जाडजूड बसले. बस हलली, तशी पिशवीतल्या पिशवीत आमची टकराटकरी सुरू झाली. डेपोत सगळे उतरले. दार लागले. अंधार झाला.

त्या रात्री आईने पेटीतली उरलेली अठरा अंडी फ्रिजमधल्या खोल डब्यात ठेवली. ठेवता ठेवता तिने विचारले, "तुझ्याकडच्या आठांचं काय झालं?"

खारूला तेव्हा कुठे पिशवी आठवली. पण बसला कुलूप होते, आई दमलेली होती, आणि त्याच दिवशी पहाटे तिने मिस्त्रींसमोर म्हटले होते, की हिच्यावर माझा विश्वास आहे. खारू म्हणाली, "संपली."

हे सगळे मला नंतर कळले. तेव्हा मी सीटखाली पडून होतो. सकाळी ऊन चढले. बसचा पत्रा तापला, सीटखालची हवा तापली, आणि मला आतून कसेसेच होऊ लागले. वास आला नाही. रंगही बदलला नाही. वरून मी होतो तसाच होतो, वाकड्यावर पुन्हा काढलेल्या गोलासकट. पण आत काहीतरी चळवळत होते. जे चळवळत होते ते माझे नव्हते.

दुपारी त्या बसचे ड्रायव्हरकाका ती झाडायला आले. त्यांनी पिशवी ओढून काढली आणि कँटीनच्या मागच्या बाजूला खारूला गाठले. "तुझी पिशवी ना ही? आत काय आहे ते मी पाहिलं नाही. पोरींच्या पिशव्या उघडल्या की भांडण होतं, असं माझी लेक सांगते."

खारूने पिशवी घेतली आणि आत पाहिले. आठही अंडी धडधाकट. आता करायचे काय? आईला दाखवायची तर "संपली" खोटे ठरणार. टाकायची तर अन्न टाकायचे नाही, हे तिच्या आईने तिला बोलता येत नव्हते तेव्हापासून सांगितलेले. खारूने आपल्या परीने विचार केला. अंडी गरम झाली आहेत. गरम गोष्ट थंड केली की झाले. आई आवाराच्या फाटकाशी भाजीवाल्याशी घासाघीस करत होती. खारूने डबा काढला, वरची अंडी बाजूला केली, आम्हा आठांना तळाशी मांडले, वरून बाकीची ठेवली आणि झाकण लावले. आमच्या सगळ्यांवर तीच तारीख होती, तोच गोल होता, तेच अक्षर होते. पेन्सिल खोटे बोलत नव्हती. पण शेवटच्या सीटखालचे ऊन तिला कुठे ठाऊक होते?

मग उरलेली अंडी संपवण्याचे दिवस सुरू झाले. सुट्टी संपते, पाहुणे जातात आणि अंडी मागे राहतात, हे जगभर असेच असावे. आई रोज पाच अंडी काढी, वरून. पहिल्या दिवशी तिने ती अर्धी कापून, मीठ-मिरपूड भुरभुरून ताटात दिली. दुसऱ्या दिवशी कुस्करून बटाट्यात मिसळली. तिसऱ्या दिवशी बारीक चिरून भातात घातली.

"वहिनी, आज पण अंडंच?" मिस्त्री म्हणाले. "उद्या मी गाडीखाली शिरलो की बाहेर कॉकॉ ऐकू येईल."

"आलं तर मला सांगा," आई म्हणाली. "तुम्हालाही दिव्यासमोर धरून बघते, आत काही आहे का."

सगळे हसले. खारूही हसली. तिला अजून काहीच वाटत नव्हते.

पण तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री दुधाची एक पिशवी घेऊन आले. सकाळी आणली होती आणि कामाच्या नादात ती बाकावरच राहून गेली होती. "जरा फ्रिजात ठेवा, वहिनी. थंड झालं की चहाला चालेल."

आईने पिशवीला बाहेरून हात लावला, कात्रीने तिचा कोपरा कापला आणि दूध मोरीत ओतून दिले.

"अहो, नासलं नव्हतं ते."

"दिसत नव्हतं," आई म्हणाली. "फ्रिज म्हणजे दवाखाना नव्हे, मिस्त्री. बिघडलेलं तिथे बरं होत नाही. चांगलं असेल तेवढंच तिथे चांगलं राहतं."

खारू बाकावर चमचे पुसत होती. तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. डब्याच्या तळाशी मला ते ऐकू आले नसेल, असे तुम्हाला वाटेल. पण फ्रिजचे दार तेव्हा उघडे होते.

त्यानंतर त्या मुलीला चैन पडेना. दिवसभरात तिने फ्रिजचे दार किती वेळा उघडले, ते मी सांगतो, कारण दर वेळी दिवा लागे आणि माझ्या अंगावर उजेड येई. एकदा तिने आम्हाला एकेक करून नाकाशी धरले. एकदा कानाशी हलवून पाहिले. एकदा उजेडात धरून डोळे बारीक केले. कुठली बसमधली आणि कुठली पेटीतली? आम्ही सगळी सारखीच दिसत होतो. डब्यात उलथापालथ करून तिने वरची खाली आणि खालची वर केली. मग घाबरून होती तशी ठेवायला गेली, तर कशी होती तेच तिला आठवेना. मला ओरडून सांगायचे होते, "मी. मी त्यातला. आणि हा शेजारचाही." पण मघाशी सांगितलेच, मला तोंड नाही.

"खारू," आई शेगडीपाशी उभी राहून म्हणाली, "आत काय सिनेमा लागलाय का? बंद कर ते दार."

चौथ्या दिवशी सकाळी खारूने वेगळी युक्ती केली. "आई, आज अंडी नको करूस. सगळे कंटाळलेत."

"कंटाळू देत. आज शेवटची संपवते." आईने डबा बाहेर काढला, आत डोकावली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "अकरा? मला वाटलं दोनतीनच उरली असतील. माझंच काहीतरी चुकलं मोजताना."

खारूचा चेहरा कागदासारखा झाला. "मग मीच खाते सगळी," ती एकदम म्हणाली.

"अकरा अंडी? तू काय अजगर आहेस?" आई हसली आणि तिने डबा टेबलावर ठेवला. "ये, सोलायला बस. पावात भरून देऊ. ड्रायव्हरकाकांची गाडी आज लवकर निघणार आहे. पाच तासांचा रस्ता, मध्ये कुठे खायला मिळत नाही."

पाच तास. चाळीस प्रवासी. स्टिअरिंगवर एकच माणूस. हा हिशेब खारूच्या डोक्यात झाला, ते मी पाहिले, कारण नेमक्या त्याच क्षणी तिने सोलायला म्हणून मला उचलले होते. तिच्या बोटांना घाम आला होता. आई भराभर सोलत होती. टिचकी, चीर, टरफल, दुसरे. माझे शेजारी एकामागून एक पांढरे, गुळगुळीत होऊन पातेल्यात पडत होते. आईने ते कुस्करले, मीठ घातले, थोडे लोणी घातले, पावात भरले. खारूने मला सोलले नाही. ती मला नुसती धरून बसली.

ड्रायव्हरकाका दारात आले. "झालं का, वहिनी? गाडी भरलीय."

आईने दोन पाव कागदात गुंडाळले आणि त्यांच्या हाती दिले. "गार व्हायच्या आत खा असं म्हणणार नाही, आधीच गार आहेत. पण दुपारच्या आत खा."

"तुमच्या हातचं आहे, त्यात बघायचं काय," असे म्हणून ते पुडके खिशात कोंबून निघाले. जाता जाता त्यांनी खारूच्या डोक्यावर टपली मारली. "काय गं, पिशवी जपून ठेव आता."

इंजिन सुरू झाले. कँटीनचे पत्रे थरथरू लागले.

मित्रांनो, इथे मी क्षणभर थांबतो, कारण मला तुमच्याशी थोडे बोलायचे आहे आणि याहून चांगली वेळ मिळणार नाही. मी एक अंडे आहे. कुणीतरी मला खावे, एवढीच अंड्याची इच्छा असते. उरलेले अन्न टाकू नका, असे मीही सांगेन, आणि पुन्हा पुन्हा सांगेन. सहलीहून, समारंभाहून घरी आलात, की आधी पिशव्या रिकाम्या करा. थंड ठेवायचे ते थंड ठेवा. तारीख घाला. जुने आधी संपवा. कापून खा, कुस्करून खा, भातात घाला, पावात भरा, पण वेळेवर खा. आम्ही त्यासाठीच उकळत्या पाण्यातून गेलेलो असतो. मात्र ज्याची वेळ उन्हात निघून गेली, त्याला थंडाव्यात लपवून ताटात वाढू नका. मी वाया जाणे वाईट. पण माझ्यामुळे कुणी गाडी चालवता चालवता पोट धरून बसणे त्याहून फार वाईट. चार दिवस डब्याच्या तळाशी मी हेच घोकत होतो, आणि ते सांगायला माझ्याजवळ काहीच नव्हते. माझ्या बाजूने बोलू शकेल अशी जगात एकच व्यक्ती होती. ती दहा वर्षांची होती आणि मला मुठीत धरून बाकावर बसली होती.

बस वळण घेऊन फाटकाकडे निघाली.

खारू उठली. बाक मागे पडले, चमच्यांची परात खणखणली. आई म्हणाली, "अगं, काय झालं?" पण खारू तेव्हा दाराबाहेर होती. आवारात पाण्याची डबकी होती, ती तिने चुकवली नाहीत. सरळ त्यातून पळाली. मी तिच्या उजव्या मुठीत होतो. तिचा हात पुढेमागे होत होता आणि मला एकदा आकाश, एकदा जमीन, एकदा आकाश दिसत होते. ती फाटकात पोचली आणि दोन्ही हात पसरून बससमोर उभी राहिली.

ब्रेक कर्कश वाजले. बस तिच्यापासून चार पावलांवर थांबली. ड्रायव्हरकाकांनी खिडकीतून मान बाहेर काढली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"जीव द्यायचाय का गं? असं आडवं येतात?"

"काका, ते पुडकं परत द्या."

"का? मीठ विसरली का तुझी आई?"

आतले प्रवासी हसले. दोनचार खिडक्यांतून डोकी बाहेर आली. खारूला दम लागला होता. तिने एकदा त्या डोक्यांकडे पाहिले, मग जमिनीकडे, मग पुन्हा ड्रायव्हरकाकांकडे.

"त्यात ती अंडी आहेत. तुमच्या बसमध्ये राहिलेली. पिशवीतली."

"कुठली पिशवी?" ते म्हणाले, आणि मग त्यांना आठवले. त्यांनी खिशातून पुडके काढले आणि ते बोटांच्या टोकांनी धरले. "म्हणजे ही अंडी एक रात्र आणि वर अर्धा दिवस, माझ्या शेवटच्या सीटखाली?"

खारूने मान हलवली.

"त्या रस्त्याला उतरायला धड जागासुद्धा नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग त्यांनी हात खाली करून पुडके तिला दिले. "बरं झालं सांगितलंस. उपाशी जातो, पण ताठ बसून जातो. हो बाजूला."

मागच्या एका आजोबांनी आपल्या डब्यातला भाकरीचा तुकडा पुढे पाठवला. तो हातोहात ड्रायव्हरकाकांपर्यंत गेला आणि बस फाटकाबाहेर पडली.

खारू परत निघाली. येताना ती पळत नव्हती. एका हातात पुडके, दुसऱ्यात मी. कँटीनच्या दारात आई उभी होती. तिच्या बोटांना अजून कुस्करलेले अंडे लागलेले होते. तिच्यामागे मिस्त्री बसले होते आणि त्यांचा पाव तोंडापर्यंत गेला होता. ड्रायव्हरकाकांचा आवाज इंजिनाच्या वर चढणारा, त्यामुळे सगळे सगळ्यांनी ऐकले होते. मिस्त्रींनी पाव हळूच खाली ठेवला आणि तो हाताने थोडा लांब सरकवला.

आईने खारूच्या हातातले पुडके घेतले. पातेल्यात उरलेले सारण होते, त्यात तीन चांगल्या अंड्यांचेही होते, पण आता ते वेगळे काढता येणार नव्हते. तिने पातेल्यावर झाकण ठेवले आणि ते मोरीपाशी नेऊन ठेवले. मग ती बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिली. चार माणसे बाकांवर बसली होती.

"चुकून मिसळली असतील," आई म्हणाली. ती पाहत होती मिस्त्रींकडे, पण सांगत होती खारूला. "सहलीच्या गडबडीत कुणीतरी पिशवी आणून ठेवली असेल, आणि मीच न बघता डब्यात ओतली असेल. असं होतं. चुकूनच झालं ना गं?"

मिस्त्री लगेच म्हणाले, "होतं की. मी काल दूध नाही का विसरलो?"

सुटकेचे दार सताड उघडे होते. खारूने नुसती मान हलवली असती तरी पुरे होते. सगळ्यांनी पाव बाजूला ठेवून चहा मागितला असता. उद्यापासून सगळे पहिल्यासारखे झाले असते. तिची मूठ माझ्याभोवती आवळत गेली, आणि माझे कवच एका बाजूने तडकले.

"चुकून नाही," खारू म्हणाली. आवाज बारीक होता, पण अडखळला नाही. "मी संपली म्हणून सांगितलं, तेव्हा ती बसमध्ये होती. मला माहीत होतं. मग मीच ती लपवून ठेवली. तळाशी."

आणि मूठ उघडून तिने मला आईच्या तळहातावर ठेवले.